तालमीतला संथ काळ

कुस्ती शिकणाऱ्या प्रत्येक पोराच्या वाट्याला असा एक काळ येतो. मेहनत रोजचीच असते, खुराक तोच असतो, वस्तादांची नजरही तीच असते, आणि तरी वाढ थांबल्यासारखी वाटते. कालपर्यंत सहज लागणारा घिस्सा डाव आज लागत नाही. दोन महिन्यांपूर्वी ज्याला उचलून टाकले तो आता पाय रोवून उभा राहतो. जोर-बैठकांचा आकडा चढत जातो, पण हौद्यात, म्हणजे तालमीच्या मातीच्या आखाड्यात, त्याचे फळ दिसत नाही. हे कधी काही आठवडे चालते, कधी काही महिने, कधी अख्खे वर्ष. तालीम सोडून गावी परतणारी मुले एखादी कुस्ती हरली म्हणून बहुधा परतत नाहीत. ती अशा काळात परततात. पराभवाला निदान एक तारीख असते, समोर एक माणूस असतो, पुढच्या जत्रेत परतफेड करण्याची आस असते. संथ काळात यांतले काहीच हाताशी नसते.

सुरुवातीचे दिवस याच्या अगदी उलट असतात. दहा-बारा वर्षांचा मुलगा वळकटी आणि पत्र्याची ट्रंक घेऊन कोल्हापूरच्या मोतीबाग, गंगावेस किंवा शाहूपुरी तालमीत दाखल होतो, लंगोट लावतो आणि थोड्याच आठवड्यांत त्याला स्वतःमध्ये फरक जाणवू लागतो. वीस जोरांत धापा टाकणारा शंभरावर जातो. शरीरशास्त्र याचे कारण देते. व्यायामाच्या आरंभी जी ताकद वाढते तिच्यात स्नायूंच्या आकारमानाचा वाटा लहान आणि मज्जासंस्थेचा मोठा असतो. अंगात असलेलेच स्नायू अधिक संख्येने आणि अधिक मेळाने कामाला लावायला शरीर शिकते. हे शिकणे लवकर होते आणि लवकर पुरेही होते. त्यापुढची ताकद नवे मांस घडवूनच मिळवावी लागते आणि तिला महिने लागतात. स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या कंडरा तर त्याहूनही सावकाश बळकट होतात. पहिल्या वर्षाचा वेग हा खरे तर अपवाद आहे. मुलगा मात्र त्यालाच नियम मानून बसतो आणि पुढच्या संथपणाचा दोष स्वतःकडे घेऊ लागतो.

ताकदीचे जसे, तसेच डावांचे. नवे कौशल्य शिकताना प्रगती काही काळ एकाच पातळीवर रेंगाळते, याची शास्त्रीय नोंद प्रथम झाली ती कुस्तीच्या नव्हे, तारायंत्राच्या संदर्भात. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी १८९७ मध्ये तारखात्याचे काम शिकणाऱ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि १८९९ मध्ये तो पुढे नेला. संदेश ऐकून उतरवून घेण्याचा वेग काही दिवस वाढतो, मग आठवडेच्या आठवडे जिथल्या तिथे राहतो आणि नंतर पुन्हा चढतो, असे त्यांना आढळले. त्यांनी दिलेले स्पष्टीकरण असे, की शिकाऊ माणूस आधी एकेक अक्षर ऐकतो, मग अख्खा शब्द, मग वाक्याचे तुकडे. अक्षरे पुरती अंगवळणी पडेपर्यंत शब्द ऐकू येत नाहीत, आणि तो मधला काळ आलेखावर सपाट दिसतो. या सपाट भागाला त्यांनी पठार म्हटले. पुढे १९५८ मध्ये फ्रेड केलर या मानसशास्त्रज्ञाने हे पठार खरोखर असते का, अशीच शंका उपस्थित केली. तारायंत्रापुरता तो वाद कसाही सुटो. हौद्यात मात्र त्या जुन्या स्पष्टीकरणाची खूण रोज पटते.

एकेरी पट काढायचा डाव घेतला तर हे नीट दिसते. नवशिका प्रत्येक गोष्ट वेगळी आठवून करतो. प्रतिस्पर्ध्याचा कोणता पाय पुढे आहे, आपले डोके कोणत्या बाजूला ठेवायचे, गुडघा कुठे टेकवायचा, पोटरीमागे हात कसा अडकवायचा, उठताना पाठ कशी ठेवायची. इतके आठवूनही समोरचा तितकाच नवखा असल्यामुळे डाव लागतो. काही महिन्यांनी वस्ताद सांगतात की पट एकटा मारायचा नाही. आधी खडाखडीत, म्हणजे उभ्या झोंबाझोंबीत, मान ओढून प्रतिस्पर्ध्याला ती वर उचलायला लावायचे, तो परत रेटायला लागला की त्याच क्षणी खाली जायचे. आता पट हा एक सुटा डाव राहत नाही, एका साखळीतली कडी होतो. साखळी जुळेपर्यंत मुलगा धड जुन्या पद्धतीने विचार करून डाव मारू शकत नाही आणि नवी पद्धत अजून अंगात मुरलेली नसते. या मधल्या अवस्थेत पट पूर्वीपेक्षा वाईट लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला ही घसरण दिसते. मुलालाही तसेच वाटते. अनुभवी वस्तादाला मात्र तो दोन इयत्तांच्या मध्ये उभा असल्याचे दिसते.

लढण्याच्या कलांमध्ये संथपणाचे आणखी एक कारण असते. धावणाऱ्याला किंवा वजन उचलणाऱ्याला ते नसते, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. धावपटूची वाढ घड्याळ मोजते. पैलवानाची वाढ समोरचा पैलवान मोजतो, आणि तोही त्याच तालमीत, त्याच वस्तादाच्या हाताखाली, त्याच पहाटे उठून वाढत असतो. दोघे बरोबरीने पुढे सरकले की दोघांनाही आपण जागच्या जागी असल्याचा भास होतो. त्यातही रोजच्या जोडीला एकमेकांचे सगळे ठाऊक झालेले असते. कोण कोणत्या हाताने बगलडूब घालतो, कोणाचा कलाजंग डाव्या बाजूनेच येतो, दमल्यावर कोण पाय मागे घेतो, हे सारे दोघांच्याही अंगाला कळते. म्हणून एखाद्याचा डाव जितका धारदार होत जातो तितका तो घरच्या हौद्यात कमी चालतो, कारण सगळी तालीम त्याची तोड शोधण्यात गुंतलेली असते. असा मुलगा अनोळखी मैदानात उतरतो तेव्हा तोच डाव पहिल्याच झपाट्यात लागतो, आणि सर्वांत जास्त नवल त्याचे त्यालाच वाटते. घरच्या हौद्यात वाढ दिसत नव्हती, पण ती झालेली होती. पैलवानांना मधूनमधून दुसऱ्या तालमीत लढतीला पाठवण्याची आणि पाहुण्या पैलवानांना आपल्या हौद्यात उतरवण्याची जी रीत आहे, तिचे मोल इथे आहे. त्यातून नवे डाव तर समजतातच, शिवाय झाकलेली वाढ मुलाला दिसते.

वयाचाही भाग आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुले झपाट्याने उंच होतात, हातपाय लांबतात, वजन वाढते. वजन वाढले की गट बदलतो. खालच्या गटात पहिला येणारा वरच्या गटात पाचवा-सहावा होतो, आणि तिथे त्याच्यासमोर दोन-तीन वर्षांनी मोठी, अंगाने भरलेली मुले उभी असतात. त्याचे काहीच बिघडलेले नसते, मोजण्याची पट्टी तेवढी बदललेली असते. मातीवरून गादीवर जाणाऱ्यालाही असाच धक्का बसतो. मातीवर जुन्या रिवाजाने कुस्ती निकाली होईपर्यंत चालते, पाठ लागली की निकाल; दम धरून, अंगावर भार टाकून, प्रतिस्पर्ध्याला थकवून जिंकता येते. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती आणि क्षणाक्षणाला गुण. माती पायाला धरून ठेवते, गादीवर पाय वेगळ्याच रीतीने टाकावे लागतात. मातीत वाढलेला मल्ल गादीवर गेला की वर्षभर तरी अनोळखी गावी आल्यासारखा वावरतो. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात, त्यामुळे हा संक्रमणाचा काळ आज जवळजवळ कुणालाच चुकत नाही.

याखेरीज एक संथ काळ ऋतूच घेऊन येतो. दिवाळीनंतर जत्रांची मैदाने सुरू होतात आणि चैत्र-वैशाखापर्यंत चालतात. पाऊस लागला की उघड्यावरच्या मातीत कुस्ती होत नाही. ज्येष्ठ-आषाढात तालमीत नुसती मेहनत उरते. मैदान नाही, इनाम नाही, हलगीचा कडकडाट नाही. जुन्या शास्त्रकारांनी या मंदीची दखल घेतलेली आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसानेही व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, तोही थंडीत आणि वसंतात, आणि इतर ऋतूंत त्याहून कमी करावा, असे सांगितले आहे. गुजरातच्या ज्येष्ठीमल्लांच्या परंपरेतील मल्लपुराणात पैलवानाने कोणत्या ऋतूत काय खावे याचा तपशील येतो. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या मानसोल्लासातही मल्लांचे प्रकार, त्यांचा आहार आणि सराव यांना स्वतंत्र जागा आहे. या ग्रंथांच्या मागे एक समज होती, की शरीर वर्षभर एकाच चढणीवर ठेवता येत नाही. बारा महिने चालणाऱ्या आजच्या स्पर्धांच्या वेळापत्रकात ती समज पातळ झाली आहे, आणि हे नुकसान लहान नाही.

अशा काळात उमेद कशी टिकते, हा प्रश्न आजकाल प्रत्येक मल्लाच्या मनाला विचारला जातो. मन घट्ट कर, ध्येय डोळ्यांसमोर ठेव, हार मानू नकोस, असे त्याला सांगितले जाते. जुन्या तालमीने हा प्रश्न पोराच्या मनावर सोडलाच नव्हता. तिने उमेद आपल्या दिनक्रमात, सोबतीत आणि रीतिरिवाजांत साठवून ठेवली होती. ज्या दिवशी मुलाच्या अंगात उमेद नसे त्या दिवशी तालीम त्याला आपल्याजवळची उसनी देई. तालीम संस्थेची खरी थोरवी इथे आहे, आणि नुसत्या लाल मातीच्या गौरवात ती बऱ्याचदा नजरेआड होते.

पहाटे उठणे हेच पाहावे. अंधारात उठायचे की नाही याचा निर्णय तालमीत कुणी एकटा घेत नाही. शेजारची वळकटी गुंडाळली जाते, दिवा लागतो, कुणीतरी पाय धरून हलवतो, आणि डोळे चोळत असतानाच माणूस रांगेत उभा असतो. जोर आणि सपाट्याही रांगेत मारल्या जातात. एकाने आकडा मोजायचा आणि बाकीच्यांनी त्या तालावर खाली-वर व्हायचे. एकट्याने मारताना दीडशेला थांबला असता तो या तालात तीनशे पार करतो, आणि त्यासाठी त्याला मनाशी वेगळी झुंज द्यावी लागत नाही. मेहनतीची वेळ, जेवणाची वेळ, दुपारच्या झोपेची वेळ, सगळे ठरलेले. ठरलेपणाचा कंटाळा येतो हे खरे आहे. पण संथ काळात कंटाळा सोसण्याजोगा असतो. आज करू की नको, ही रोजची घालमेल सोसत नाही, आणि ठरलेपणा तीच काढून टाकतो.

दुसरी गोष्ट कामाची. हौदा रोज खणावा लागतो. कुदळीने माती उलटायची, फावड्याने सारखी करायची, ठरावीक दिवशी तिच्यात तेल, ताक, लिंबू, हळद, काव, कापूर मिसळायचा. खणण्याने खांदे आणि पाठ घडतात ते वेगळेच. त्याहून महत्त्वाचे हे, की ज्याची कुस्ती सध्या चालत नाही त्याच्याही हातून दिवसाकाठी एक काम पुरे होते आणि ते सगळ्यांच्या उपयोगी पडते. थंडाई वाटणे, धाकट्या पोरांच्या अंगाला मालिश करणे, वस्तादांचे निरोप पोहोचवणे, ही कामेही तशीच. तालमीतले पोराचे स्थान केवळ त्याच्या जयपराजयावर अवलंबून राहत नाही. तो लढतीत मागे पडला तरी घरातून बाहेर पडत नाही.

मग येते वस्तादांची जोड लावण्याची कला. जोड नुसत्या वजनावर लावायची नसते. ज्याचा आत्मविश्वास खचला आहे त्याला वस्ताद काही दिवस आपल्याहून हलक्या मुलांसोबत खेळवतात. वरवर हा सोपा दिलासा वाटतो, पण त्यात शिकवण असते. हलक्या जोडीवर नवा डाव चुकत-माकत करून पाहता येतो, कारण चुकीची शिक्षा मोठी नसते. तो डाव थोडा बसला की बरोबरीची जोड मिळते, आणि मग भारी. दुसरा उपाय असा, की अडलेल्या मुलाला धाकट्यांना डाव दाखवायला सांगायचे. मोळी हा डाव कसा बांधायचा हे दुसऱ्याला समजावताना हाताची जागा, कमरेचा कोन, वजन टाकण्याची वेळ शब्दांत सांगावी लागते, आणि जे अंगाने नकळत चुकत होते ते अशा वेळी सापडते. तिसरा उपाय सर्वांत जुना आणि सर्वांत नावडता: मूळ डावाकडे परत जाणे. महिनाभर फक्त पट, किंवा फक्त खाली बसलेल्या प्रतिस्पर्ध्याला उलटवण्याचे काम. मुलांना यात अपमान वाटतो. पण ज्यांचे नाव झाले त्या बहुतेक पैलवानांकडे हुकमी डाव दोन-तीनच असतात, आणि ते अशा महिन्यांतच पक्के झालेले असतात.

जपानी परंपरेने याच अडचणीवर वेगळी तोड काढली. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान स्थापून ज्यूडोची मांडणी केली आणि शिकणाऱ्यांसाठी श्रेणींची शिडी आणली. पुढे रंगीत पट्टे आले, आणि आज पुण्या-मुंबईच्या कराटे वर्गांतली मुले पिवळ्यावरून नारिंगी, नारिंगीवरून हिरव्या पट्ट्याकडे जात असतात. लांबच्या वाटेवर असे मैलाचे दगड उभे केले की चालणाऱ्याला बळ येते, हे नाकारता येणार नाही. मात्र पट्ट्यासाठीच शिकण्याची सवय लागली की शेवटचा पट्टा मिळताच वर्ग सुटतो. कुस्तीने पट्टे दिले नाहीत. तिची शिडी जत्रेच्या मैदानात असते. लहान मुले नारळावर किंवा थोड्या पैशांवर लढतात, मग शंभराची कुस्ती, हजाराची कुस्ती, आणि उन्हे उतरल्यावर एक नंबरची. पैलवानाचे नाव जाहिरातीच्या कागदावर खालून वर सरकत जाते. ही शिडी पैलवान सावकाश चढतो, पण गावासमोर चढतो. ज्याला यंदा वरची पायरी मिळाली नाही त्यालाही मैदानातून फेरी मारून आपल्या तोलाची जोड मागता येते, आणि बरी लढत दिली तर प्रेक्षकांतून कुणीतरी फेटेवाला खाली येऊन त्याच्या हातात नोट ठेवतो.

दीर्घ थांब्यानंतर मिळालेल्या यशाची महाराष्ट्रातली सर्वांत मोठी गोष्ट खाशाबा जाधव यांची. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ मध्ये लंडन ऑलिम्पिकला गेले तेव्हा मातीतला हा मल्ल आंतरराष्ट्रीय नियमांच्या गादीवर जवळजवळ नवखा होता. अमेरिकेचे माजी मल्ल रीस गार्डनर यांनी तिथे त्यांना मार्गदर्शन केले. ५२ किलो गटात ते सहावे आले. त्यानंतरची चार वर्षे बातम्यांत फारशी दिसत नाहीत, पण पदक घडले ते या चार वर्षांत. खाशाबा वरच्या, ५७ किलो गटात गेले. म्हणजे अधिक वजनाच्या मल्लांशी झुंजणे आले. गादीचे नियम अंगात मुरवणे आले. आणि पुढच्या ऑलिम्पिकसाठी हेलसिंकीला जाण्याचे पैसे नव्हते. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, गावकऱ्यांनी वर्गणी जमवली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. या कथेत त्यांच्या जिद्दीचे कौतुक नेहमी होते आणि ते रास्तच आहे. पण त्या जिद्दीला चार वर्षे कुणी सांभाळले, हेही त्याच आदराने सांगितले पाहिजे. एक महाविद्यालय, एक गाव, एक गहाण पडलेले घर, इतके सारे तिच्या पाठीशी उभे होते.

बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे हे अलीकडचे उदाहरण. पुण्यात हरिश्चंद्र बिराजदार यांच्या हाताखाली तो घडला. २०११ मध्ये त्याला आशियाई स्पर्धेत कांस्य मिळाले आणि त्याच वर्षी वस्ताद बिराजदार गेले. पुढे काका पवार यांच्या तालमीत सराव सुरू राहिला. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकसाठी त्याच्या गटात दुसऱ्या मल्लाची वर्णी लागली. कोवळ्या वयात नाव झालेल्या पैलवानाने पंचविशीच्या आसपास असा दरवाजा बंद झालेला पाहणे सोपे नसते. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ५७ किलो गटात सुवर्ण जिंकले आणि २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य. २०११ आणि २०१८ च्या पदकांच्या मधल्या वर्षांत तालीम बदलली, वस्ताद बदलले, पण पहाटेचा क्रम चालू राहिला.

प्रत्येक थांबा मात्र सोसून पार करण्याजोगा नसतो, आणि हे ओळखता न येणे हा तालीम पद्धतीचा जुना दोष आहे. अतिश्रमाने शरीर खरोखर मागे जाते. झोप उडते, भूक मंदावते, सकाळी उठल्यावरच नाडी नेहमीपेक्षा जलद चालते, चिडचिड वाढते, लहानसहान दुखणी बरी होत नाहीत. अशा वेळी आणखी दोनशे बैठका हा उपाय नसून विश्रांती हा उपाय आहे. जाणते वस्ताद जेवणाच्या पंगतीत बारीक लक्ष ठेवतात ते याचसाठी. हौद्यात पोरगा शेखी मिरवून थकवा लपवू शकतो, ताटावर लपवू शकत नाही. गुडघा आणि खांद्याच्या दुखापतींबाबत तर तालमींनी फार मुले गमावली. दुखऱ्या गुडघ्यावर हळद बांधून पुन्हा मातीत उतरणे ही मर्दुमकी मानली गेली, आणि सहा महिन्यांत सावरला असता असा गुडघा जन्माचा गेला. थांबायला सांगणारा वस्ताद हा पुढे ढकलणाऱ्या वस्तादाइतकाच मोठा असतो, ही गोष्ट अजूनही पुरेशी रुजलेली नाही.

संथ काळाचा खर्चही असतो. मैदान नसले तरी दूध, तूप, बदाम, खारीक, अंडी, मटण चालूच ठेवावे लागते. जिंकणाऱ्याचा खुराक इनामातून निघतो, अडलेल्याचा बापाच्या शेतातून. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज, ज्यांची कारकीर्द १८९४ ते १९२२ अशी झाली, त्यांनी मल्लांना दरबारातून आश्रय दिला, दूरदूरचे नामांकित पैलवान कोल्हापुरात आणले आणि १९१२ मध्ये खासबागचे मैदान उभे केले. त्या आश्रयाचा सर्वांत मोठा लाभ मैदान मारणाऱ्यांना झाला असे वाटते, पण तो खरा उपयोगी पडला अजून मैदान न मारलेल्यांना. त्यांना वाट पाहणे परवडले. संस्थान १९४९ मध्ये विलीन झाले आणि हा आधार गेला. पुढे सहकारी साखर कारखान्यांनी मानधन देऊन काही मल्लांना हात दिला. तरी आज अल्पभूधारक शेतकऱ्याच्या घरातील मुलगा दोन वर्षे नुसता शिकत राहू शकेल अशी सोय थोडकीच आहे. अशी कित्येक मुले तालीम सोडतात तेव्हा उमेद शिल्लक असते, पैसा संपलेला असतो.

मुलींच्या बाबतीत तर वाट पाहण्याचा हा काळ कित्येक पिढ्यांचा होता. महिला कुस्ती २००४ मध्ये ऑलिम्पिकमध्ये आली, आणि महिला महाराष्ट्र केसरीची पहिली गदा २०२३ मध्ये सांगलीत प्रतीक्षा बागडीने जिंकली. तोवर गावोगाव ज्या मुली कुस्ती शिकत होत्या त्यांपैकी पुष्कळ जणींना बरोबरीची जोडच मिळत नसे. भावाशी, चुलतभावाशी किंवा बापाशी लढावे लागे. त्यांना मुक्कामाची तालीम नव्हती, रांगेत मारायचे जोर नव्हते, शेजारची गुंडाळली जाणारी वळकटी नव्हती. ज्या मुली तरीही टिकल्या त्यांनी उमेद खरोखरच एकट्या मनात बाळगली, आणि म्हणून त्यांचे टिकणे पुरुष मल्लांपेक्षा मोठे मानायला हवे.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे टाळेबंदी झाली तेव्हा हाच एकटेपणाचा अनुभव सगळ्या तालमींना आला. मुले गावी परतली, हौदे कोरडे पडले, दोन मोसम जत्रांची मैदाने झाली नाहीत. जानेवारी २०२० नंतरची महाराष्ट्र केसरी स्पर्धा एकदम एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात झाली. शेतात जोर मारणारे, झाडाला दोर बांधून चढणारे, बांधावर पळणारे पैलवान त्या दिवसांत गावोगाव दिसत. ताकद पुष्कळांनी राखली. जी राखता आली नाही ती लढतीची समज, कारण दुसऱ्याच्या अंगाचा रेटा एकट्याला कल्पनेने मिळत नाही. तालमी उघडल्यावर वस्तादांनी पहिले काही आठवडे नुसत्या खडाखडीला दिले. साताऱ्याची ती गदा कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने जिंकली; कुस्तीची पंढरी म्हणवणाऱ्या शहराला हा मान दोन दशकांनंतर मिळाला. त्या दोन दशकांत कोल्हापूरच्या तालमींतून हजारो मुले घाम गाळून गेली. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या नावावर ती गदा नाही, पण पृथ्वीराजच्या पिढीला हौदा खणलेला मिळाला आणि समोर तोलाची जोड मिळाली, ती यांच्यामुळे.

पैलवानाच्या आयुष्यातला शेवटचा संथ काळ तिशीच्या पुढे येतो. डावाची समज अजून वाढत असते, पण दम भरून यायला वेळ लागतो, लागलेले लवकर बरे होत नाही, आणि विशीतल्या पोराचा झपाटा पाहून कळते की ही घसरण परतणारी नाही. या वेळी मैदान सोडायचे की आणखी एक मोसम खेळायचे, हा निर्णय बहुतेक जण वस्तादांशी बोलूनच घेतात. मैदान सुटले तरी हौदा सुटत नाही. असे मल्ल पहाटे येतात, आधी दोन-चार पोरांना अंगावर घेऊन खेळवतात, मग काठावर बसून जोड लावू लागतात. ज्याचा घिस्सा महिनाभर लागलेला नाही अशा मुलाला हलकी जोड द्यायची की भारी, की घरी चार दिवस पाठवून द्यायचे, हे त्यांना नेमके ठरवता येते, कारण त्या अवस्थेतून ते स्वतः अनेकदा गेलेले असतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे या भागांतले आजचे कितीतरी वस्ताद या वाटेने आले आहेत.